गणित दिन साजरा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

२२ डिसेंबरला आपल्या शाळांत काय चालतं हे सांगायला त्या दिवशी शाळेत जाण्याची गरज नाही. रामानुजन यांची तसबीर, हार, उदबत्ती, प्रमुख पाहुण्यांचं ‘जीवनातील गणिताचे महत्त्व’, दोन हुशार मुलांची पाठ केलेली भाषणं, भिंतीवर रंगीत तक्ते आणि शेवटी पालकांच्या ग्रुपवर फोटो. तासाभरात कार्यक्रम आटोपतो. त्या तासाभरात शाळेतल्या किती मुलांनी गणित केलं, असा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारला तर उत्तर बहुधा शून्य येईल. गणिताचा उत्सव झाला, गणित मात्र झालंच नाही.

गेल्या काही वर्षांत असे दिवस, मेळावे, जत्रा, बाजार आणि स्पर्धा वाढल्या आहेत. वाढल्या हे चांगलंच, पण त्यातलं काय उपयोगाचं आणि काय नुसतं देखाव्याचं, हे तपासायला हवं. त्यासाठी दोन साध्या कसोट्या लावता येतात. त्या दिवशी शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातून थोडं तरी खरं गणित झालं का? आणि झालेलं गणित दुसऱ्या दिवशी वर्गातल्या फळ्यापर्यंत पोचलं का? या आढाव्यात सगळे उपक्रम याच दोन कसोट्यांवर पाहू.

डोळ्यासमोर गाव ठेवू कुंभारी. सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की लागणारं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. इथेच २००६ मध्ये कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत झाली. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी दिला गेला. एका बाजूला ज्वारीची शेतं, दुसऱ्या बाजूला हजारांनी मोजावी लागणारी घरं. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबं इथे शेजारीशेजारी राहतात. गणिताच्या उत्सवाला लागणारं साहित्य अशा गावात विकत आणावं लागत नाही. ते कुठे आहे हे मात्र ओळखावं लागतं.

दिवस कोणता निवडायचा?

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा. त्यांच्या १२५ व्या जयंतीवर्षाच्या निमित्ताने हा दिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर झाला आणि २०१२ हे राष्ट्रीय गणित वर्ष म्हणून पाळलं गेलं. अडचण एवढीच, की डिसेंबरअखेर शाळा स्नेहसंमेलनाच्या आणि क्रीडास्पर्धांच्या गडबडीत असतात. गणिताच्या वाट्याला मग परिपाठाचा वेळ उरतो.

१४ मार्चचा पाय (π) दिन अमेरिकेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञानसंग्रहालयात लॅरी शॉ यांनी तो १९८८ मध्ये सुरू केला. युनेस्कोने २०१९ मध्ये हाच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन ठरवला. तिकडे आधी महिना आणि मग तारीख लिहितात, म्हणून ३/१४. आपल्याकडे मार्च म्हणजे परीक्षांचे दिवस, आणि तारीख लिहायची आपली पद्धतही वेगळी. आपल्या पद्धतीने २२ जुलै म्हणजे २२/७. ही किंमत ३.१४ पेक्षा पायच्या थोडी अधिक जवळ जाते. शिवाय जुलैत वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं, म्हणजे त्या दिवशी जे केलं त्याचा उपयोग करायला पुढे आठ महिने हाताशी राहतात.

तिसरा दिवस मराठी शाळांना सर्वांत जवळचा, तरी सर्वांत दुर्लक्षित: १७ जानेवारी. १९०५ साली या दिवशी डहाणूला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. ते देवळालीच्या शाळेत मास्तर होते. विद्यापीठाची खुर्ची नाही, पीएच.डी. नाही, सोबत फक्त आकड्यांचा नाद. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला त्यांची नीट ओळख झाली. सोलापूरकरांसाठी या तारखेचा आणखी एक फायदा आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा असते, जत्रेचा गड्डा भरलेला असतो आणि मुलांच्या डोक्यात तेच घोळत असतं. ते तिथून काढून टाकण्यापेक्षा त्याचंच गणित करणं सोपं.

स्पर्धा: मोजक्यांचा उत्सव

सर्वांत प्रचलित प्रकार स्पर्धेचा. पाढे पाठांतर, जलद गणन, प्रश्नमंजूषा. भरवायला सोप्या, निकाल लगेच, बक्षीस वाटपाचा फोटोही छान येतो. पण पहिल्या कसोटीवर त्या पहिल्याच फेरीत गारद होतात. शाळेतली तीच सहा-सात मुलं दरवर्षी मंचावर आणि बाकीची टाळ्या वाजवायला.

घड्याळ लावून घेतलेल्या स्पर्धेचं दुसरंही दुखणं आहे. मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं, की गणिताची धास्ती मनातली तात्पुरती जागाच अडवून बसते. आकडेमोड चालू असताना हातचे, मधली उत्तरं जिथे धरून ठेवायची तिथेच भीती मुक्काम ठोकते. मुलाला येत असतं, तरी ऐनवेळी येत नाही. अमेरिकेत सायन बाइलॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात आढळलं, की पहिली-दुसरीच्या ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची धास्ती, त्यांच्या वर्गातल्या मुलींनी ‘गणित मुलांचं’ हा समज उचलण्याची आणि मागे पडण्याची शक्यता अधिक. म्हणजे उत्सवाची आखणी मुलांपुरती करून भागत नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना स्वतःला त्या कोड्यात मजा आली पाहिजे.

स्पर्धा नकोच, असं नाही. फ्रान्समध्ये १९९१ पासून चालू असलेल्या आणि आता जगभर लाखो मुलं देत असलेल्या ‘कांगारू’ स्पर्धेचा हेतूच मुळी जास्तीत जास्त मुलांनी भाग घ्यावा हा आहे. आपल्याकडेही गट करावेत, प्रत्येक गटात सगळ्या इयत्तांची मुलं मिसळावीत, वेळ मोकळा ठेवावा आणि गुण उत्तराला न देता ‘हे कसं काढलं’ या स्पष्टीकरणाला द्यावेत. एवढं केलं तरी स्पर्धेचा नूर पालटतो.

प्रदर्शन आणि तक्ते

गणित प्रदर्शनात प्रतिकृती असतात: थर्माकोलची भूमिती, फिरणारा पाढ्यांचा पंखा, कोनांचं घड्याळ. बऱ्याच प्रतिकृती पालकांनी रात्री जागून केलेल्या असतात आणि समोर ‘हात लावू नये’ची चिठ्ठी. जर्मनीतल्या गीसेनमध्ये २००२ मध्ये ‘मॅथेमॅटिकम’ नावाचं गणिताचं संग्रहालय सुरू झालं. तिथली रीत बरोबर उलटी: प्रत्येक वस्तू हाताळायची. आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकात बसून काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हाल्व्ह ट्यूबपासून घनाकृती करून दाखवल्या, त्यामागेही हाच विचार. ज्या वस्तूला दर्शक मूल हात लावू शकत नाही, ती प्रदर्शनातून वगळावी. नियम कडक वाटेल, पण तक्त्यांची गर्दी निम्म्याने कमी होईल.

बालबाजार: सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाया जाणारा

बालआनंद मेळावा, आनंद बाजार, आठवडी बाजार अशा नावांनी हा उपक्रम महाराष्ट्रभर चालतो. सीमेपलीकडे कर्नाटकात ‘मक्कळ संते’ आणि ‘मेट्रिक मेळा’ भरतात, आणि दक्षिण सोलापुरातल्या कन्नड घरांना ते नवे नाहीत. मुलं भाजी, भेळ, वडे, शेंगाचटणी विकतात. गल्ला जमतो, मुख्याध्यापक ‘व्यवहारज्ञान मिळालं’ म्हणतात आणि सोमवारी वर्गात व्याजाचं उदाहरण जिथल्या तिथेच अडतं.

असं का होतं, याचा अभ्यास झालेला आहे. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या पाच मुलांचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आता जुना, पण गाजलेला आहे. गिऱ्हाईक म्हणून गेलेल्या संशोधकांना त्या मुलांनी सुमारे ९८ टक्के हिशेब बरोबर करून दिले. तीच आकडेमोड कागदावर मांडून दिली, तर जेमतेम ३७ टक्के जमली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. निष्कर्ष त्याच दिशेचा, त्यात एक भर पडली: बाजारातल्या मुलांना वहीतलं जमत नाही, तसंच शाळेत चांगल्या असलेल्या, पण बाजारात न बसलेल्या मुलांना बाजारातलं जमत नाही. दोन्ही गणितं एकमेकांशी बोलतच नाहीत.

मग बालबाजाराचं खरं काम या दोघांची गाठ घालून देण्याचं. काकडी ४० रुपये किलो, गिऱ्हाइकाला हवी पाऊण किलो, हातात पन्नासाची नोट. विकणारी मुलगी म्हणते, ‘‘अर्ध्याचे वीस, पावाचे दहा, झाले तीस. घ्या, वीस परत.’’ तिला याच क्षणी कुणीतरी लिहून घ्यायला हवं. प्रत्येक दुकानाशेजारी एक ‘हिशेबनीस’ बसवावा. त्याने विक्री लिहायची आणि दुकानदाराने ती तोंडी कशी केली तेही लिहायचं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एका बाजूला ‘वीस आणि दहा’ आणि दुसऱ्या बाजूला ४० × ३/४. तीन चतुर्थांश म्हणजे एक द्वितीयांश अधिक एक चतुर्थांश, हे पुस्तकातलं वाक्य तेव्हा त्या मुलीच्या मालकीचं होतं. ही वही आणि दुसऱ्या दिवसाचा तास नसेल, तर बालबाजार म्हणजे नुसती खाऊगल्ली.

याच बाजारात आजी-आजोबांना बोलवावं. त्यांच्यापैकी काहींना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असतात. धान्याची जुनी मापंही त्यांच्या हातातली: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरीला दुप्पट. एका पायलीत चिपटी किती, हे मुलांनी ज्वारी ओतून मोजावं, मग २ च्या घातांकात लिहावं. सातवीचा धडा आजीच्या डब्यात सापडतो.

आकड्यांचा खेळ: कापरेकरांची देणगी

बिनखर्चाचा, सगळ्या शाळेला पुरणारा आणि दोन्ही कसोट्यांवर उतरणारा उपक्रम हवा असेल, तर तो कापरेकरांनी देऊन ठेवला आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजा करा: ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतं. संख्या कोणतीही घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचते.

शिक्षकाच्या नजरेने यात काय घडतं ते पाहा. हातच्याची चार अंकी वजाबाकी वहीत दहा वेळा करायला सांगितली, तर मुलं कंटाळतात. इथे तीच वजाबाकी ती आपण होऊन करतात, कारण शेजाऱ्याला तीन पायऱ्या लागल्या आणि आपल्याला सहा का, हे कळायला हवं असतं. मधे वजाबाकी चुकली तर? गंमत अशी, की पुढच्या पायऱ्या बरोबर केल्या तर गाडी बहुतेक वेळा पुन्हा ६१७४ लाच येते. त्यामुळे चूक लपून राहू शकते. ती पकडायचा उपाय सांगावा: प्रत्येक वजाबाकीचं उत्तर ९ ने भागलं जायलाच हवं, म्हणून त्यातल्या अंकांची बेरीज १८ किंवा २७ येते. ३०८७ ची १८, ८३५२ ची १८. बेरीज चुकली की मूल स्वतःच मागे जातं, शिक्षकाच्या लाल शाईची वाट पाहत नाही.

लहान वर्गांसाठी तीन अंकी संख्या घ्याव्यात, तिथे मुक्काम ४९५ चा. दोन अंकी घेतल्या तर मुक्कामच नाही: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, अशी फेरी चालू राहते (९ आलं की ते ०९ समजून पुढे जायचं). तिसरीच्या मुलांना हे चक्र स्वतः सापडू द्यावं. आठवी-नववीला विचारावं, असं का?

मोठ्या मुलांसाठी रामानुजन यांचा १७२९ याच रीतीने वापरता येतो. टॅक्सीच्या या क्रमांकाचा प्रसिद्ध किस्सा सांगून थांबू नये. १ ते १२ पर्यंतच्या संख्यांचे घन फळ्यावर लिहावेत. दोन-दोन घनांच्या एकूण ७८ बेरजा होतात, त्या वर्गात वाटून द्याव्यात. अठ्ठ्याहत्तरांत एकच बेरीज दोनदा येते: १७२८ + १ आणि १००० + ७२९. वर्गातल्या दोन वेगवेगळ्या मुलांच्या वहीत तो आकडा उमटतो, तेव्हा किस्सा सांगावा.

गावातलंच गणित

आता पुन्हा कुंभारी. २२ जुलैला पाय मोजायला कंपासपेटी नको, घरची भाकरी आणावी. कडक झालेली असेल तर उत्तम, मोडत नाही. कडेभोवती दोरा, मग मधून आडवा दोरा, मग भागाकार. कुणाचं ३, कुणाचं ३.३ येईल, कारण भाकरी पुरती गोल नसते. तीस-चाळीस भाकऱ्यांची सरासरी काढली की आकडा सावरू लागतो. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त २२/७ ही स्थूल आणि ३९२७/१२५० ही सूक्ष्म किंमत दिली. दुसरी म्हणजे ३.१४१६. वर्गाची सरासरी या दोघांपासून किती दूर, हे पाहावं.

तेलुगू घरांच्या दारात ठिपक्यांची रांगोळी रोज पडते. कोणती रांगोळी हात न उचलता, एकही रेघ न गिरवता पुरी होते? ज्या ठिकाणी विषम रेघा मिळतात ती ठिकाणं मोजली की उत्तर मिळतं: शून्य किंवा दोन असतील तरच. हा ऑयलरचा नियम. सोलापुरी चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते आणि जॅकार्ड मागावर छिद्रांच्या पुठ्ठ्यांतून विणली जाते: छिद्र असेल तर धागा वर, नसेल तर खाली. मुलांनी आठ बाय आठच्या चौकटीत नक्षी भरावी आणि पाठमोऱ्या बसलेल्या जोडीदाराला फक्त ‘आहे-नाही’ सांगून ती उतरवून द्यावी. संगणकाची भाषा म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ लिंगं आणि यात्रेतल्या यण्णीमज्जनाला त्यांच्या प्रदक्षिणेला निघणारे सात नंदीध्वज प्रत्येक सोलापूरकर मुलाला ठाऊक. शाळेपासून निघून गावातल्या सहा ठिकाणी जाऊन परत यायचं, तर वेगवेगळे फेरे किती? उलट दिशेचा फेरा तोच धरला तर ३६०. त्यातला सर्वांत छोटा कोणता, हे नकाशावर दोरा लावून शोधावं. ६८ ठिकाणांसाठी हाच आकडा नव्वदहून अधिक अंकी होतो. संगणकालाही एकेक फेरा मोजून बघणं झेपत नाही, हे कळल्यावर मुलं गप्प होतात आणि मग भराभर प्रश्न विचारू लागतात.

विडीचं काय? हजार विड्यांवर मजुरी ठरणाऱ्या घरात पंचवीसची बंडलं आणि गुणाकार रोजचेच. तंबाखूचं कौतुक शाळेत नकोच, आणि लहान हातांनी वळलेल्या विड्यांचं तर नकोच नको. पण आईचं कसब दुर्लक्षित राहावं असंही नाही. पत्र्याच्या साच्याने पानातून जास्तीत जास्त तुकडे कापणं ही क्षेत्रफळाची अवघड कसरत आहे. शाळेच्या आवारातल्या देशी बदामाच्या पानावर पुठ्ठ्याचा आयत ठेवून मुलांनी तीच करावी: किती तुकडे बसले, किती टक्के पान वाया गेलं? परीक्षक म्हणून एखाद्या आईला बोलवावं. प्रमुख पाहुण्यांपेक्षा तिला अधिक कळतं.

भाषांचं भांडण नको, भांडवल करावं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ आलं, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं अडखळतात, ही बाजू शांतपणे मांडली. कुंभारीतल्या मुलांना हा वाद घरीच सोडवता येतो. कन्नडमध्ये इप्पत्तोंदु, तेलुगूत इरवै ओकटि, दोन्हींत वीस आधी. मराठी आणि उर्दूत एक आधी. मग ‘एकोणतीस’ लिहिताना ३९ का लिहिलं जातं, याचं उत्तर मुलं एकमेकांना देतील.

आखणीचं टिपण

काम एका दिवसावर ढकलू नये. २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आहे, त्यातले महिन्याकाठी एक-दोन शनिवार गणिताला मिळाले तर वर्षभराचा उपक्रम होतो आणि १७ जानेवारी हा त्याचा कळस ठरतो. त्या दिवशी भाषणं दहा मिनिटांत संपवावीत. वर्गवार दहा-बारा टेबलं मांडावीत, प्रत्येकावर एकच प्रश्न. टेबल सांभाळायला वरच्या वर्गाची मुलं, त्यात निम्म्या मुली, आणि त्यांच्याकडून आदल्या आठवड्यात तो प्रश्न नीट सोडवून घेतलेला. प्रत्येक मुलाच्या हातात एक कार्ड. किमान चार टेबलं झाल्याशिवाय खाऊ नाही. सूचना मुलं घरी बोलतात त्या भाषांत तोंडी सांगाव्यात. उत्तर सांगून टाकणाऱ्या पाहुण्यांना गोडीत बाजूला न्यावं.

पैशांची अडचण फारशी येत नाही. दोरा, भाकरी, पानं, चौकटीचे कागद यांना किती लागणार? तरी गावाने हात लावावा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची आणि त्या मठाला पेठेतल्या उत्पन्नाचा वाटा लावून दिल्याची नोंद आहे. गणिताच्या शिक्षणाला बाजाराने पैसे द्यावेत, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

‘अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कधी करायचं?’ हा शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे, आणि उत्सव अभ्यासक्रमाबाहेरचा असेल तर त्याला उत्तर नाही. वरच्या यादीतला प्रत्येक उपक्रम मात्र कोणत्या ना कोणत्या धड्याचा आहे: वजाबाकी, अपूर्णांक, घन, वर्तुळ, क्षेत्रफळ, सरासरी. धडा शिकवण्याआधी तो केला, तर शिकवण्याचा वेळ वाचतो.

शेवटी प्रश्न अहवालाचा. वरिष्ठ कार्यालयाला फोटो लागतात, ते पाठवावेत. शाळेच्या स्वतःच्या नोंदवहीत मात्र तीन रकाने असावेत: कोणत्या टेबलावर किती मुलं बसली, कोणत्या प्रश्नाला मुलांनी वेगवेगळ्या किती रीती काढल्या आणि कोणता प्रश्न कुणालाच सुटला नाही. पहिल्या दोन रकान्यांवरून यंदाचा कार्यक्रम कसा झाला ते कळेल. तिसऱ्या रकान्यातून पुढच्या शनिवारची टेबलं ठरतील.